एल सीरिजची प्लेट आणि गिटारचं खरं साल

न्यू जर्सीतून आलेला प्रश्न असा : घराजवळच्या एका एस्टेट सेलमध्ये (घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत) सनबर्स्ट रंगाची फेंडर स्ट्रॅटोकास्टर विकायला आहे. मागे, नेक (दांडा) जिथे बॉडीला जोडतात त्या धातूच्या नेकप्लेटवर ‘एल’ हे अक्षर आणि त्यापुढे २० हजारांच्या जरा वरचा आकडा. नंबरावरून साल दाखवणाऱ्या एका तक्त्यात तो १९६३ मध्ये बसतो, दुसऱ्यात १९६४ मध्ये. विकणाऱ्या घरची मंडळी १९६३ सांगतात, कारण त्यांच्या आजोबांनी ती ‘त्या सुमारास’ घेतली होती. नक्की साल कोणतं, आणि गिटार अस्सल आहे का? सोबत चार फोटो आहेत. शिवाय मित्राच्या गिब्सन कंपनीच्या एसजी गिटारबद्दलही विचारलंय. तिचा सहा आकडी नंबर तक्त्यात शोधला की दोन-तीन वेगळी सालं निघतात, मग कोणतं धरायचं?

शिकागोजवळ गेली २७ वर्षं मी गिटारदुरुस्तीचं काम करतोय. हा प्रश्न माझ्या टेबलावर वरचेवर येतो. उत्तर लांबणार आहे, कारण तुमचे बरेच पैसे यात गुंतणार आहेत आणि अर्धवट माहितीवर झालेले सौदे मी फार पाहिलेत.

आधी तुमच्या दोन तक्त्यांचं बोलू. दोघांतला कुठलाच चुकीचा नाही. फेंडरच्या फुलर्टनच्या कारखान्यात नंबर ठोकलेल्या प्लेटा डब्यात पडलेल्या असायच्या. जुळणी करणारा माणूस हाताला येईल ती उचलायचा. डब्याच्या तळाशी राहिलेली प्लेट कित्येक महिन्यांनी वर यायची, आणि तोवर पुढचे हजारो नंबर बाहेर पडलेले असायचे. नंबर क्रमाने वापरायचे असा दंडकच नव्हता. प्रत्येक वाद्याला वेगळी ओळख असावी एवढाच त्याचा उपयोग होता. ६० वर्षांनी कुणी त्यावरून साल काढेल हे त्या माणसांच्या स्वप्नातही नसणार. म्हणून एल २० हजारांच्या आसपासची प्लेट १९६३ च्या अखेरीच्या गिटारवरही सापडते आणि १९६४ च्या गिटारवरही. आज जे तक्ते फिरतात ते पुढे लोकांनी उघडून पाहिलेल्या गिटारवरून उलट्या दिशेने तयार केलेले आहेत. त्यांच्या सीमारेषा एकमेकांवर चढणारच.

फेंडरच्या नंबरांचा ढोबळ नकाशा मात्र डोक्यात असू द्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या टेलिकास्टरवर नंबर ब्रिजच्या पत्र्यावर असे. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली, तेव्हा काही काळ तो मागच्या स्प्रिंगांच्या झाकणावर गेला आणि लवकरच चार स्क्रूंच्या नेकप्लेटवर स्थिरावला. १९६२ सरताना आकडे एक लाखाच्या जवळ पोहोचले आणि ‘एल’ची मालिका सुरू झाली, ती १९६५ पर्यंत चालली. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून प्लेटवर मोठा ‘एफ’ दिसायला लागला आणि तो १९७६ पर्यंत टिकला. त्यानंतर नंबर हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, आला : ‘एस’ म्हणजे सत्तरचं दशक, ‘ई’ म्हणजे ऐंशीचं, ‘एन’ नव्वदचं, आणि अक्षरापुढचा पहिला आकडा वर्षाचा. इथेसुद्धा आधी छापून ठेवलेली स्टिकरं पुढच्या वर्षी वापरली गेली आहेत, तेव्हा एखाद्या वर्षाचा फरक गृहीत धरावा.

तुमच्या गिटारच्या बाबतीत मोठी अडचण वेगळीच आहे. ती प्लेट म्हणजे चार स्क्रूंवर बसलेला धातूचा तुकडा आहे. साधा स्क्रूड्रायव्हर घेतला तर दोन मिनिटांत निघते. साठच्या दशकातल्या अस्सल प्लेटा आज सुट्या विकल्या जातात आणि त्यांना चांगला भाव येतो. हा भाव कशासाठी येत असेल ते तुम्हीच ओळखा. प्लेट खरी निघाली तर त्यातून प्लेट खरी आहे एवढंच सिद्ध होतं. तिच्या खालची बॉडी आणि नेक कुठली आहे, हे ती सांगत नाही.

आता मी स्वतः कसं पाहतो ते सांगतो. फेंडरची जुनी गिटार म्हणजे वेगवेगळ्या बाकांवर, वेगवेगळ्या आठवड्यांत तयार झालेल्या भागांची जुळणी. नेकला तिची तारीख, पॉटना (आवाजाच्या नॉबखालच्या नियंत्रकांना) त्यांची, बॉडीला कधी तिची. हे सगळे भाग वेगवेगळे वाचायचे आणि मग एकमेकांशी ताडून पाहायचे. नियम एकच : मूळच्या भागांपैकी जो सर्वांत नवा, त्याच्याआधी ती गिटार तयार झालेली असूच शकत नाही. नेक नोव्हेंबर १९६३ ची आणि पॉट फेब्रुवारी १९६४ चे असतील, तर गिटार १९६४ ची, प्लेट काहीही म्हणो.

नेक काढणं हे यातलं मुख्य काम. तारा सैल करा, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा म्हणजे त्या सुटून विस्कटणार नाहीत. गिटार मऊ कापडावर पालथी ठेवा. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा फिलिप्स ड्रायव्हर घ्या. सैल ड्रायव्हरने खाच घासली की ६० वर्षांचा स्क्रू एका क्षणात नासतो. चारही स्क्रू ज्या जागचे त्या जागेच्या क्रमाने ठेवा. मग नेक सरळ वर उचला, तिरकी करून उपटू नका, नाहीतर बॉडीतल्या ज्या खाचेत नेक बसते तिच्या काठाचं लॅकर टवका होऊन निघतं. भिण्याचं कारण नाही. त्या काळच्या स्ट्रॅटमध्ये ट्रस रॉडचा (नेकचा बाक सावरणाऱ्या आतल्या सळीचा) नट नेकच्या टाचेकडेच, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाकडेच असे, त्यामुळे रॉड फिरवायला नेक काढावीच लागायची. तुमच्या गिटारची नेकही आजवर अनेकदा निघालेली असणार.

टाचेवर काय दिसेल? १९६२ च्या वसंतापर्यंत तिथे पेन्सिलीने लिहिलेली तारीख असायची, त्यानंतर रबरी शिक्का आला. १९६३-६४ च्या स्ट्रॅटवर शिक्का साधारण असा वाचतात : आधी ‘२’, मग इंग्रजी महिन्याची तीन अक्षरं, मग वर्षाचे दोन आकडे, शेवटी ‘बी’. इथे हमखास एक चूक होते. पहिला ‘२’ म्हणजे दोन तारीख असं लोक धरतात. तो मॉडेलचा आकडा आहे. त्या काळात २ म्हणजे स्ट्रॅटोकास्टर आणि ३ म्हणजे टेलिकास्टर. शेवटचा ‘बी’ हा नटपाशी (हा नट वेगळा : हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती पट्टी) नेकची रुंदी सांगतो, साधारण ४१ मिलिमीटर. ‘ए’ त्याहून अरुंद, ‘सी’ रुंद. तेव्हा ‘२’ऐवजी ‘३’ दिसला तर ती टेलिकास्टरची नेक आहे की काय हे हेडस्टॉकच्या आकाराशी ताडून पाहा.

शिक्क्याची शाई भिंगाखाली पाहा. जुनी शाई लाकडाच्या रेषांमध्ये मुरलेली असते, कडा किंचित पसरलेल्या, रंग विटका. नवीन शिक्का लाकडावर बसल्यासारखा दिसतो, काळाभोर आणि एकसारखा. टाचेच्या लाकडावर बोटांचा मळ, स्क्रूच्या भोकांभोवतीचं दबलेलं लाकूड, आणि नेकच्या खाचेतून उमटलेले डाग शिक्क्याच्या वरून गेलेत की खालून, हेही बघा. ६० वर्षांचा डाग शिक्क्याखाली असेल तर शिक्का नंतरचा आहे. एवढी एक गोष्ट शांतपणे पाहिली तर निम्मी बनवाबनवी तिथेच उघडी पडते.

नेक निघाली की तिच्या खाचेत बॉडीचा तळ दिसतो. १९६२ च्या अखेरीपासून फेंडरमध्ये रंगकाम करताना खाचेत एक काठी ठोकून बॉडी त्या काठीने धरायचे. काठीखालच्या पट्ट्याला रंग लागत नसे. १९६३-६४ च्या बॉडीत तो उघड्या लाकडाचा पट्टा दिसायला हवा. खाच काठोकाठ रंगलेली असेल तर बॉडी पुन्हा रंगवलेली आहे, किंवा त्या काळची नाहीच. पिकगार्ड (बॉडीवरचा प्लास्टिकचा पत्रा) उचललात तर आणखी एक खूण सापडते : बारीक खिळ्यांची भोकं. रंगवलेल्या बॉड्या वाळत ठेवताना त्या खिळ्यांवर टेकवत, आणि ही पद्धत १९६४ पर्यंत होती. खिळा रंगकामानंतर उपटत असल्यामुळे भोकाच्या आत कोरडं लाकूड असतं. आत रंग साचलेला दिसला तर बॉडी नंतर पुन्हा रंगवली आहे, हे समजा.

पिकगार्डखाली आणखी एक तारीख आहे, आणि माझ्या मते नेकच्या खालोखाल तिचाच मान. पॉटच्या पाठीवर ठोकलेला आकडा. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे : ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. ३०४६३२० वाचलंत तर स्टॅकपोल, १९६३, विसावा आठवडा. पन्नासच्या दशकात वर्षाला एकच आकडा असे, त्यामुळे सहा आकडी कोड दिसला तर दशक आपल्याला इतर खुणांवरून ठरवावं लागतं. शेवटचे दोन आकडे ५२ च्या फार वर जाताहेत असं वाटलं तर तुम्ही वाचताना चुकलात.

पॉटची तारीख फक्त एवढंच सांगते की गिटार त्याच्याआधीची नाही. ती त्यानंतर किती उशिरा बनली, हे ती सांगू शकत नाही. याचं सगळ्यांत ठळक उदाहरण १९६६ चं. त्या वर्षी फेंडरने सीटीएसचे पॉट इतके घेऊन ठेवले की १९६८-६९ च्या गिटारमध्येही १९६६ चे पॉट सापडतात. तेवढ्यावरून १९६९ ची स्ट्रॅट १९६६ ची म्हणून विकली जाते, कधी अज्ञानाने आणि कधी जाणूनबुजून.

पॉटचा आकडा वाचताना डाख (सोल्डर) जरूर पाहा. मूळ डाख राखाडी, मंद, गोल थेंबासारखा असतो आणि त्यावर धूळ बसून घट्ट झालेली असते. चकचकीत डाख, जवळच्या वायरीचं जळालेलं कापडी आवरण, पॉटच्या पाठीवर जुन्या डाखाची अर्धवट चकती, यातलं काही दिसलं तर पॉट कुणीतरी बदललेत किंवा बाहेरून आणून बसवलेत. जुने तारखेचे पॉटसुद्धा सुटे मिळतात. पिकअपही (तारांचा कंप पकडणारे भाग) असेच पाहावेत. १९६४ च्या सुरुवातीपर्यंत पिकअपचा तळाचा फायबर काळा असे, मग राखाडी आला. तुमच्या गिटारच्या बाबतीत हे फार उपयोगी पडेल, कारण ती नेमकी त्या उंबरठ्यावर आहे.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे सगळं का पाहायचं ते कळेल. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ १९६४ ची स्ट्रॅट घेऊन आले, फ्रेट बदलायला. मूळ रंगाची म्हणून एका विक्रेत्याकडून घेतलेली. प्लेट खरी, टाचेवरचा शिक्का खरा, पॉट १९६४ चे. नेकचं लॅकर काळ्या दिव्याखाली, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात, हिरवट पिवळं उजळलं. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर तसंच उजळतं. तोच दिवा मी बॉडीवर नेला आणि बॉडी जांभळट काळी राहिली. कुठेच उजळेना. पिकगार्ड काढलं तर खिळ्यांची भोकं नाहीत, खाचेत काठीचा पट्टा नाही. बॉडी नवी होती, सुरेख झिजवलेली, कोपऱ्यांवर घामाने गेल्यासारखा रंग खरवडलेला, पण नवी. नेक आणि सुटे भाग अस्सल म्हणून त्यांची किंमत राहिली, तरी त्यांनी मोजलेल्या रकमेच्या ती जवळपासही नव्हती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘नंबर तर बरोबर होता.’ नंबर खरंच बरोबर होता.

काळ्या दिव्यावरही एकट्यावर विसंबू नका. १९७० च्या आसपास कुणी नायट्रोनेच पुन्हा रंगवली असेल तर तीही आज उजळते. उलट १९६८ पासून फेंडरने पॉलिएस्टर वापरायला सुरुवात केली, त्या अस्सल गिटार तशा उजळत नाहीत. दिव्याचा खरा उपयोग फरक पकडायला होतो. एकाच गिटारचा एक भाग उजळतो आणि शेजारचा नाही, तिथे काहीतरी घडलेलं असतं : दुरुस्ती, जोड, किंवा नवा भाग.

आता एसजीकडे वळू. गिब्सनचा मामला वेगळा आहे. कॅलामाझूचा कारखाना नंबर थेट हेडस्टॉकच्या मागच्या लाकडात ठोकायचा, म्हणजे प्लेट बदलायची सोय नाही. पण १९६१ ते १९६९ या काळात त्यांनी तेच आकडे पुन्हा पुन्हा वापरले. एकच सहा आकडी नंबर १९६४ मध्येही सापडतो आणि १९६७ मध्येही. मित्राच्या गिटारला तक्ता दोन-तीन सालं दाखवतो ते याचमुळे, आणि नंबर कितीही वेळा तपासला तरी ते एकवर येणार नाही. तिथे वाद्याकडेच बघावं लागतं.

एसजीच्या बाबतीत पुढच्या खुणा कामाच्या. नटपाशी नेकची रुंदी मोजा : ४३ मिलिमीटर असेल तर १९६५ च्या आधीची किंवा त्या वर्षाच्या सुरुवातीची, ४० च्या आसपास असेल तर त्यानंतरची, दशक संपेपर्यंत. धातूचे भाग निकेलचे, म्हणजे पिवळसर, मंद झालेले, की क्रोमचे, निळसर आणि चकचकीत? तो बदलही १९६५ च्या सुमाराचा. पिकगार्ड लहान आणि एका बाजूलाच असेल तर १९६६ पर्यंतची. पिकअपच्या दोन्ही बाजूंना पंखासारखं पसरलेलं असेल तर नंतरची. हेडस्टॉकच्या मागे लाकडात ‘मेड इन यूएसए’ ठोकलेलं असेल तर साल १९७० किंवा पुढचं, मग नंबर काहीही असो. हा शिक्का बघायला विसरू नका. १९६० च्या दशकातली म्हणून विकल्या जाणाऱ्या सत्तरच्या दशकातल्या कित्येक गिटार एवढ्यानेच ओळखता येतात. एसजीचे पॉट तर मागचं झाकण काढलं की समोरच असतात, डाखाला हात लावायची गरज नाही.

पिकअपबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण गिब्सनच्या किमतीत ते फार वजन टाकतात. १९५७ पासून आलेल्या हंबकर, म्हणजे दोन कॉइलच्या, पिकअपच्या तळाशी ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं छोटं काळं स्टिकर लावलेलं असे. हा पिकअप बनवणारे गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांचा पेटंटसाठीचा अर्ज १९५५ चा, पेटंट मिळालं १९५९ मध्ये, तरी जुनं स्टिकर १९६२ च्या आसपासपर्यंत चालूच राहिलं. त्यानंतरच्या स्टिकरवर पेटंट क्रमांक छापला गेला : २,७३७,८४२. हा क्रमांक पिकअपचा नाही. तो गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा (तारा अडकवायच्या भागाचा), १९५६ मध्ये मिळालेला. पिकअपचा खरा क्रमांक २,८९६,४९१. तेव्हा कुणी ‘चुकीचा पेटंट नंबर आहे, म्हणजे बनावट’ असं म्हणालं तर त्यांना सांगा की साठच्या दशकातल्या अस्सल स्टिकरवर हाच चुकीचा नंबर असतो. स्टिकरं मात्र आज कागदावर छापून विकली जातात. त्यामुळे स्टिकरपेक्षा तळाच्या पत्र्याचे पाय, वायरीची वेणी, आणि झाकणाचा डाख कधी तुटलाय का, यांकडे माझं लक्ष आधी जातं. झाकण एकदा उघडून पुन्हा जोडलेलं असेल तर आतलं कॉइल मूळचं आहे असं खात्रीने कुणी म्हणू शकत नाही.

गिब्सनच्या बाकी नंबरांचं थोडक्यात. १९५३ ते १९६० च्या सॉलिड बॉडी गिटारवर नंबर शाईचा असे आणि पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा : ९ ने सुरू होणारा म्हणजे १९५९. यात मोठा खड्डा आहे. नव्वदच्या दशकापासून कंपनीने त्याच जुन्या मॉडेलच्या ज्या नव्या आवृत्त्या काढल्या, त्यांच्यावरही तसाच शाईचा, तसाच ९ ने सुरू होणारा नंबर आहे. या नव्या गिटारच्या आतल्या कंट्रोलच्या खाचेत ‘आर ९’ (१९५९ ची नवी आवृत्ती) असं ठोकलेलं असतं. तिथे कुणी लाकूड खरवडलेलं किंवा रंग भरलेला दिसला तर व्यवहार तिथेच सोडा. ईएस-३३५ सारख्या पोकळ गिटारमध्ये इंग्रजी ‘एफ’च्या आकाराच्या भोकातून आत टॉर्च मारा. १९६१ पर्यंत तिथे ऑर्डर क्रमांक ठोकलेला असतो आणि त्याचं अक्षर उलट्या क्रमाने जातं : १९५८ ला ‘टी’, १९५९ ला ‘एस’, १९६० ला ‘आर’. १९७७ पासूनचा आठ आकडी नंबर मात्र निर्धास्त वाचता येतो. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन वर्षातला कितवा दिवस. ८१२३३५६७ म्हणजे १९८३ चा १२३ वा दिवस, ३ मे. शेवटचे तीन आकडे ५०० च्या वर, म्हणजे नॅशव्हिलच्या कारखान्यातली. कॅलामाझूचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला.

जपानी गिटारना लोक उगीच कमी लेखतात, पण त्यांचे नंबर कित्येकदा जास्त प्रामाणिक असतात. १९७५ पासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या आयबानेझवर पहिलं अक्षर महिन्याचं, ‘ए’ म्हणजे जानेवारी, पुढचे दोन आकडे वर्षाचे. फेंडर जपानची ‘जेव्ही’ मालिका १९८२ ला सुरू झाली, आणि मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यातल्या त्या गिटार आज स्वतःच्या गुणांवर विकल्या जातात.

पुण्या-मुंबईहूनही लोक फोटो पाठवतात. त्यात अनेकदा ‘गिव्सन’ असतं आणि माणूस उत्साहाने गिब्सनच्या तक्त्यात नंबर शोधत बसलेला असतो. गिव्सन हा कोलकात्याचा स्वतंत्र ब्रँड आहे, नावात ‘ब’च्या जागी ‘व’ आहे. कित्येकांची पहिली गिटार तीच होती आणि तिची आठवण खरी आहे, फक्त कॅलामाझूचे तक्ते तिला लागू नाहीत.

आता तुमचे चार फोटो. समोरच्या फोटोत पिकगार्ड ११ स्क्रूंचं आहे आणि त्याचा पांढरा रंग हिरवट पुदिन्यासारखा झालाय, कडेला एका स्क्रूपाशी आकसून चीर गेलीय. १९५९ ते १९६५ च्या सुरुवातीपर्यंतच्या सेल्युलॉइडचं हे अगदी ठरलेलं वागणं. फ्रेटबोर्डवरचे ठिपके मातकट आहेत, मोत्यासारखे चमकत नाहीत. १९६४ सरेपर्यंत तसेच असायचे. बाराव्या फ्रेटचे दोन ठिपके एकमेकांच्या जवळ आहेत. त्यांच्यातलं अंतर १९६३ च्या सुमारास कमी झालं, तेव्हा १९६२ ची नेक इथे शक्य वाटत नाही. हेडस्टॉकवरचा लोगो बारीक, शेवयांसारख्या रेषेचा आहे. १९६४ च्या मध्यापासून त्याची जागा जाड सोनेरी लोगोने घेतली. म्हणजे नंबरकडे न बघताही ही गिटार १९६३ ते १९६४ चा पूर्वार्ध या खिडकीत बसते, आणि तुमचा नंबर त्याच खिडकीतला आहे. ही चांगली गोष्ट आहे.

एका फोटोवर मात्र माझी नजर अडली. नेकप्लेट फार स्वच्छ आहे आणि तिचे चारही स्क्रू तपकिरी गंजलेले आहेत. दोघांनी ६० वर्षं एकाच जागी घाम आणि हवा सोसली असेल तर इतका फरक सहसा पडत नाही. कुणी घासून चमकवली असेल, किंवा प्लेट नंतर आली असेल. हे ठरवायला प्लेट काढल्यावर तिच्या खालचं लॅकर बघा. जुनी प्लेट दशकानुदशकं एका जागी दाबून बसली की लॅकरमध्ये तिची चौकट उमटते, आतला रंग बाहेरच्याहून ताजा आणि गडद राहतो. ती रेघ प्लेटच्या कडेशी तंतोतंत जुळली तर माझी शंका निम्मी मिटेल.

पैशाचं बोलायचं तर मूळ रंग असलेली आणि पुन्हा रंगवलेली यांत किंमत साधारण निम्म्याने फरक पडतो. त्यामुळे साल १९६३ की १९६४ यापेक्षा रंग मूळचा आहे का, हा प्रश्न तुमच्यासाठी महाग आहे. आणि पुढेमागे ही गिटार पुण्याला न्यायचा तुमचा विचार आहे म्हणून सांगतो : त्या काळचा फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोजवूडचा असतो, आपल्या शिसवीच्याच कुळातला. हे लाकूड १९९२ पासून साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये इतर रोजवूडच्या तयार वाद्यांना सूट मिळाली, या लाकडाला नाही. देशाबाहेर नेण्याआधी अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून परवाना काढा, नाहीतर विमानतळावर वाद्य अडकेल.

घरच्यांना नेक काढू देण्याची विनंती करा. त्यांना संकोच वाटला तर जवळच्या एखाद्या अनुभवी गिटार-दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा आणि सगळ्यांच्या समोर काढा. आजोबांचं वाद्य खरं काय आहे हे कळण्याचा हक्क त्यांनाही आहे, आणि ते अस्सल निघालं तर त्यांनी किंमत वाढवली तरी ती योग्यच असेल. मला आधी टाचेच्या शिक्क्याचा फोटो हवा, बाजूने तिरका प्रकाश टाकून. मग खाचेचा तळ, मग प्लेटखालच्या लॅकरची चौकट. त्यानंतर पिकगार्ड उलटं करून तिन्ही पॉटच्या पाठी आणि पिकअपचे तळ, एवढ्या जवळून की आकडे वाचता येतील. हे सगळं हाती येईपर्यंत इसारसुद्धा देऊ नका, आणि घरची मंडळी काहीच उघडू देणार नसतील तर फोटोत दिसणाऱ्या नेकची आणि सुट्या भागांची जेवढी किंमत होते, त्याहून एक डॉलर जास्त बोलू नका.